पाण्यात पाय घासत चाला

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की आपल्या मराठवाड्यात सहलींची बोलणी सुरू होतात. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद ही तर घरचीच ठिकाणे. ती पाहून झालेली असतात. मग वर्गातून एकच आवाज उठतो, "सर, समुद्र!" छत्रपती संभाजीनगरहून समुद्र रस्त्याने तीनशे किलोमीटरहून अधिक दूर. तुमच्यापैकी पुष्कळांनी मोठे पाणी म्हणून पाहिले असेल ते पैठणच्या नाथसागराचेच. त्यामुळे अलिबागला किंवा मुरूडला एस. टी. थांबली, की चपला हातात घेऊन मुले जी धावत सुटतात ती गुडघाभर पाण्यात गेल्यावरच थांबतात. यात मला काही वावगे वाटत नाही. मी स्वतः प्रथम समुद्र पाहिला तो पंचविसाव्या वर्षी, आणि मीही असाच धावलो होतो.

आज बोलायचे आहे ते त्या गुडघाभर पाण्याविषयी, आणि त्याच्या तळाशी वाळू अंगावर घेऊन बसलेल्या एका माशाविषयी. हा मासा म्हणजे पाकट. मालवणाकडे त्याला वागळीही म्हणतात. इंग्रजी पुस्तकांत तो स्टिंग रे या नावाने भेटतो. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने माशांच्या भानगडीत का पडावे, असे तुमचे जीवशास्त्राचे सर विचारतील. कारण असे की, या माशाने मला माझ्याच विषयातला एक धडा शिकवला, आणि तोही चारचौघांत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बी. एस्सी.च्या मुलांना घेऊन आम्ही दोघे प्राध्यापक रायगड जिल्ह्यातील एका किनाऱ्यावर गेलो होतो. ओहोटी होती. पाणी जेमतेम घोट्याच्या वर. एक मुलगा एकदम ओरडला आणि पाय धरून खाली बसला. घोट्याजवळ बोटभर लांबीची जखम होती, रक्त येत होते. पण रक्ताच्या मानाने त्याचा आक्रोश फार मोठा होता. काच लागली असावी असे आम्हांला वाटले. जवळच बर्फाचा गोळा विकणारा होता. त्याच्याकडून बर्फ घेतला, रुमालात बांधला आणि जखमेवर दाबून धरला. सूज आणि वेदना यांवर बर्फ, एवढेच आमचे ज्ञान. दहा मिनिटे झाली तरी वेदना कमी होण्याऐवजी पोटरीपर्यंत चढली. मुलगा पांढराफटक पडला. तेवढ्यात मासळीची पाटी घेऊन चाललेली एक कोळीण थांबली, जखम पाहिली आणि म्हणाली, "पाकट लागलाय त्याला. बरफ नको, ऊन पानी आन."

खरे सांगतो, मला ते पटले नाही. जखमेवर गरम पाणी? पण चहाच्या टपरीवाल्याने माझ्या पटण्याची वाट पाहिली नाही. त्याने बादलीत गरम पाणी ओतले, त्यात साधे मिसळले, स्वतःचा हात घालून पाहिला आणि मुलाचा पाय आत ठेवायला लावला. वीस मिनिटांत तो मुलगा बोलू लागला. मग आम्ही त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी जखम धुतली, आत काट्याचा तुकडा राहिला आहे का ते पाहिले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि विचारले, "गरम पाण्यात पाय ठेवायचे कोणाला सुचले?" मी एम. एस्सी., उष्णतेचा पेपर दरवर्षी शिकवणारा; मी गप्प राहिलो.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला आहे आणि त्यावर माझे काही मत तयार झाले आहे. पण मत सांगण्याआधी मासा नीट पाहू.

पाकट हा शार्कच्या नात्यातला. त्याच्या शरीरात हाडे नाहीत, सगळा सांगाडा कूर्चेचा. आपल्या कानाची पाळी जिच्यामुळे ताठ राहते तीच ही कूर्चा. अंग थाळीसारखे चपटे. डोळे वरच्या बाजूला, तोंड आणि कल्ले खालच्या बाजूला. तळाशी बसल्यावर तोंड तर वाळूत. मग श्वास कसा घ्यायचा? त्यासाठी डोळ्यांच्या मागे दोन छिद्रे असतात. त्यांतून तो पाणी आत ओढतो आणि खालच्या कल्ल्यांतून बाहेर सोडतो. पंखांसारख्या कडा दोनचार वेळा फडफडवल्या की वाळू उडून अंगावर बसते. वर राहतात ते फक्त डोळे आणि ही छिद्रे. मग तो दिसत नाही, आणि त्याला नेमके तेच हवे असते.

त्याचे खाणे म्हणजे वाळूत दडलेले खेकडे, कोळंबी, शिंपल्यांतले जीव. तोंड खाली आणि डोळे वर, म्हणजे आपले भक्ष्य त्याला डोळ्यांनी दिसतच नाही. ते तो विजेवर शोधतो! प्रत्येक सजीवाच्या स्नायूंभोवती अतिशय क्षीण विद्युतक्षेत्र असते. पाकट आणि शार्क यांच्या तोंडाभोवती त्वचेत चिकट द्रवाने भरलेल्या बारीक नळ्या असतात. स्तेफानो लोरेंझिनी या इटालियन शास्त्रज्ञाने १६७८ साली त्यांचे वर्णन केले. त्या कशासाठी आहेत हे कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. दर सेंटीमीटरला व्होल्टच्या काही अब्जांश इतका फरक या नळ्यांना जाणवतो. आमच्या प्रयोगशाळेतला सर्वांत चांगला व्होल्टमीटरही या माशापुढे हात टेकील.

आता त्याचे शस्त्र. शेपटीच्या वरच्या अंगाला एक चपटा, टोकदार काटा असतो. त्याच्या दोन्ही कडांना उलट्या दिशेने वळलेले करवतीचे दाते. त्यामुळे काटा आत जाताना सहज जातो, बाहेर येताना मांस फाडत येतो. काट्याच्या खालच्या बाजूस दोन खोबणी असून त्यांत विष तयार करणारी ऊती असते, आणि सगळ्यावर पातळ त्वचेचे आवरण. काटा घुसला की आवरण फाटते आणि विष जखमेत उतरते. सापासारखी विषाची पिशवी, पिचकारी असे काही नाही.

हे शस्त्र शिकारीसाठी नाही, हे ध्यानात घ्या. पाकटाला खाणारे मोठे शार्क असतात. हातोड्यासारख्या डोक्याच्या शार्कांच्या जबड्यात पाकटाचे काटे रुतलेले सापडले आहेत. अंगावर वरून काही दाबले गेले, की शेपटी आपोआप वर आणि पुढे फेकली जाते. ते दाबणारे शार्कचे तोंड आहे की इयत्ता नववी 'ब' मधल्या कोणाचे पाऊल, हे पाहायला त्याला सवड नसते. म्हणूनच जखमा बहुधा पावलावर आणि घोट्याजवळ होतात. वर्तमानपत्रांत मात्र आपण वाचतो, 'पाकटाचा हल्ला', 'स्टिंग रे चावला'. तो चावत नाही, हल्लाही करीत नाही. तुम्ही त्याच्या पाठीवर उभे राहता.

मुंबईत २०१३ साली हे मोठ्या प्रमाणावर घडले. त्या वर्षी ९ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. दुसऱ्या दिवशी दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन करण्यासाठी गिरगाव चौपाटीवर नेहमीप्रमाणे गर्दी लोटली. कमरेइतक्या गढूळ पाण्यात अनवाणी शिरलेल्या भाविकांपैकी पन्नासाहून अधिक जणांना एका दिवसात काटे लागले आणि त्यांना रुग्णालयांत न्यावे लागले. आपल्याकडे विसर्जन विहिरीत होते, म्हणून आपल्याला हे दूरचे वाटते. त्यानंतरच्या वर्षांत महानगरपालिका आणि मत्स्यव्यवसाय खाते विसर्जनाच्या सुमारास लोकांना सावध करू लागले: उघड्या पायांनी पाण्यात जाऊ नका, गमबूट घाला, लहान मुलांना पाण्यात नेऊ नका. हे चांगलेच झाले.

पण येथेच माझे पहिले भांडण आहे. या सगळ्या प्रकाराला 'मत्स्यदंश' असा एक भारदस्त शब्द मिळाला आहे आणि त्यात जेलीफिश आणि पाकट यांना एका पंक्तीला बसवले जाते. नावात फिश असले तरी जेलीफिश हा मासाच नव्हे. त्याच्या तंतूंवर सूक्ष्म डंखपेशी असतात; तेथे जखम नसते, त्वचेची आग आणि खाज असते. त्याच्या बाबतीत पहिले काम म्हणजे त्वचेला चिकटलेले तंतू न चोळता काढणे आणि ती जागा समुद्राच्याच पाण्याने धुणे. पाकटाचा काटा ही खोल, फाटलेली आणि विषारी जखम. दोन वेगळे प्राणी, दोन वेगळी दुखणी. आणि सूचना मात्र एकत्र छापल्या जातात. कधीकधी त्यांत सरसकट 'बर्फ लावावा' असेही वाचायला मिळते. मी तो बर्फ लावून पाहिला आहे. पाकटाच्या काट्यावर पहिला उपाय गरम पाणी हा आहे, हे आज जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत आहे. कोळणीला ते पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

गरम पाण्याने काय होते? पाकटाचे विष मुख्यतः प्रथिनांचे असते आणि ही प्रथिने उष्णतेने बिघडतात. अंडे उकडल्यावर पांढरा बलक घट्ट होतो आणि पुन्हा कधीच पातळ होत नाही, हे प्रथिनांचे बिघडणेच आहे. पण येथे एक अडचण आहे. आपले शरीरही प्रथिनांचेच! पाणी ६० अंश सेल्सिअसला असेल तर काही सेकंदांत कातडी भाजते. म्हणून पाणी सुमारे ४५ अंशांपर्यंतच हवे: सोसवेल इतके गरम, पण भाजणार नाही असे. काही तज्ज्ञांचे म्हणणे असे की, एवढ्याशा उष्णतेने खोलवरचे सगळे विष बिघडत नसावे. उष्णतेचा परिणाम वेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूंवरही होत असावा. कारण कोणतेही धरा, गुण येतो याबद्दल वाद नाही. कॅलिफोर्नियातील डॉक्टरांनी शंभराहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून २००७ साली जे प्रसिद्ध केले त्यातही हेच दिसले, की गरम पाण्यात पाय ठेवलेल्या बहुतेकांची वेदना अर्ध्या तासात थांबली, दुसरे औषध लागले नाही.

पाय अर्धा तास का ठेवायचा, नुसते पाणी ओतून का भागत नाही? याचे उत्तर तुम्हांला गणिताने काढता येईल. उष्णता मांसातून वाहते ती फार सावकाश. ढोबळ हिशेब असा: जितके मिलिमीटर खोल पोचायचे त्या संख्येचा वर्ग करा आणि त्याला ०.१४ ने भागा. उत्तर सेकंदांत येते. दहा मिलिमीटर म्हणजे एक सेंटीमीटर खोलीसाठी १०० भागिले ०.१४, म्हणजे सुमारे ७०० सेकंद, जवळजवळ बारा मिनिटे. शिवाय वाहते रक्त ती उष्णता पळवून नेत असतेच. म्हणून तीस ते नव्वद मिनिटे, वेदना थांबेपर्यंत.

आणि ४५ अंशांचे पाणी समुद्रकिनारी आणायचे कोठून? चहाच्या टपरीवरून! तेथे पातेले सदैव उकळत असते. समजा, साधे पाणी ३० अंशांचे आहे. एक तांब्या उकळते पाणी आणि चार तांबे साधे पाणी एकत्र केले तर तापमान किती? १०० अधिक चार वेळा ३०, म्हणजे २२०. भागिले ५, म्हणजे ४४ अंश. नेमके हवे तेवढे. आठवी-नववीच्या पुस्तकातले मिश्रणाचे हे गणित तुम्ही कितीदा सोडवले असेल आणि 'याचा उपयोग काय' म्हणून कितीदा कंटाळला असाल! पण आता आकडा बदलून पहा. मे महिन्यात टाकीतले पाणी ३५ अंशांचे असले तर त्याच मापाने उत्तर ४८ येते, आणि ते धोक्याचे आहे. थंडीच्या सकाळी पाणी २५ अंशांचे असेल तर ४० च येईल. मग तीन तांबेच मिसळायचे. म्हणून गणित कितीही बरोबर आले तरी बादलीत आधी धडधाकट माणसाने कोपर घालून पाहावे. ज्याला काटा लागला आहे त्याच्या पायाला वेदनेपुढे गरम-गारेचा अंदाज राहत नाही. तो भाजून घेईल आणि त्याला कळणारही नाही. पाणी निवू लागले, की पाय बाहेर काढून मगच नवे गरम पाणी ओतावे.

बाकीचे थोडक्यात. रक्त फार वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. आवळपट्टी बांधू नये, जखम चिरू नये, तोंडाने विष ओढू नये, हळद, चुना, तंबाखू यांतले काही भरू नये. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर तो मुळीच उपसू नये. तसाच स्थिर ठेवून रुग्णालय गाठावे. ऑस्ट्रेलियातील प्राणिमित्र स्टीव्ह अर्विन ४ सप्टेंबर २००६ रोजी गेले ते छातीत काटा घुसल्यामुळेच. असे मृत्यू अत्यंत विरळ. पायाची जखम किरकोळ दिसली आणि दुखणे थांबले तरी डॉक्टरांकडे जायचेच, कारण काट्याचे तुकडे आत राहतात, समुद्रातल्या पाण्यातून जंतू शिरतात आणि आठवड्याने पाय सुजतो.

आणखी एक ताकीद. गरम पाण्याचा हा उपाय ऐकून तो उद्या कोणी सर्पदंशावर किंवा विंचवावर करील, तर तसे करू नका. विंचवाची गोष्ट आपल्या भागाशी जोडलेली आहे म्हणून सांगतो. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडकडे गेले तेव्हा तेथे लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत होती. त्यांनी रुग्णाशेजारी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या. विंचवाचे विष हृदयावर ताण आणते हे हेरून त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरले, आणि त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात छापून आले. प्रत्येक विषाची तऱ्हा वेगळी आणि तोडही वेगळी. 'मत्स्यदंश' या एका शब्दाविषयी मी एवढा का चिडतो, ते आता तुमच्या ध्यानात येईल.

आता मुख्य मुद्दा: काटा लागूच नये म्हणून काय करावे? कोकणातले आणि परदेशातले किनाऱ्यावरचे लोक यासाठी एक अगदी साधी गोष्ट करतात. पाऊल उचलून टाकायचे नाही. तळ न सोडता, वाळू ढकलत, घासत पुढे न्यायचे. कॅलिफोर्नियात सील बीच नावाचा किनारा आहे. तेथे एका नदीच्या मुखाशी वीजकेंद्रांचे कोमट पाणी समुद्रात येत असे, आणि त्या उबेला पाकट शेकड्यांनी जमत. तेथे पोहायला येणाऱ्याला हे घासत चालणे शिकवतात, आणि जीवरक्षकांकडे गरम पाण्याच्या बादल्याही असतात.

यामागचे विज्ञान पहा. पाऊल उचलून टाकले की ते वरून येते आणि पाकटाची पाठ तळाशी दाबली जाते. त्याला पळायला वाट उरत नाही आणि शेपटी तेवढी मोकळी राहते. पाऊल घासत नेले तर वाळूची आणि पाण्याची हालचाल त्याच्यापर्यंत आधी पोचते. माशांच्या अंगावर पाण्याची हालचाल ओळखणारी संवेदी रेषा असते, पाकटाच्याही असते. तो उडून दूर जातो. समजा नाहीच गेला, तरी तुमचे बोट त्याच्या कडेला टेकते, पाठीवर भार पडत नाही, आणि त्याला निसटता येते.

तुम्ही म्हणाल, नीट पाहून पाऊल टाकले तर? पाहून फारसे दिसत नाही. सरळ खाली पाहिले तर पाण्याचा पृष्ठभाग जेमतेम २ टक्के प्रकाश परतवतो. पण आठनऊ मीटर पुढे पाहिले, की शांत पाण्यावरही जवळजवळ ४० टक्के प्रकाश परतून तुमच्या डोळ्यांत येतो. म्हणजे तळ दिसण्याऐवजी आभाळ दिसते. त्यात लाटा, गाळ, आणि मासा वाळूच्याच रंगाचा.

बूट घातले तर? काही अंशी उपयोग आहे, शिंपले आणि काचा यांच्यापासून तर नक्कीच. पण समजा, काट्याच्या टोकाचे क्षेत्रफळ ०.१ चौरस मिलिमीटर आहे आणि शेपटीने त्यावर एक किलो वजनाइतकेच बल लावले. दाब किती येतो? वातावरणाच्या दाबाच्या सुमारे हजारपट. त्याच्यापुढे कॅनव्हासचा बूट म्हणजे कागद; रबरही भेदले गेल्याची उदाहरणे आहेत. बूट घाला, पण घालूनही पाय घासतच चाला.

इंग्रजांच्या इतिहासात याची एक गमतीची नोंद आहे. कॅप्टन जॉन स्मिथ १६०८ साली अमेरिकेतील चेसापीक उपसागरात उथळ पाण्यात तलवारीच्या टोकाने मासे टोचून काढीत होता. त्यांतल्या एका पाकटाने त्याच्या हातात काटा घातला. हात खांद्यापर्यंत इतका सुजला की सोबत्यांनी त्याच्यासाठी खड्डा खणून ठेवला. संध्याकाळपर्यंत गडी बरा झाला आणि त्याने तोच मासा शिजवून खाल्ला. त्या जागेला आजही स्टिंगरे पॉइंट म्हणतात. मला या गोष्टीत आवडतो तो त्या माणसाचा राग नसणे. मासा आपल्या जागी होता, आपण आपल्या. आपण मात्र घाबरलो की मारायला धावतो. शार्क आणि पाकट यांच्या जगभरच्या जातींपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक जाती अतिमासेमारीमुळे धोक्यात आल्या आहेत, हे २०२१ च्या पाहणीत दिसून आले. त्यांना आपल्यापासून असलेले भय जास्त खरे आहे.

शिक्षक मित्रांनो, आता चार शब्द तुमच्याशी. सहलीच्या सूचनापत्रकात आपण काय लिहितो? 'समुद्राच्या पाण्यात उतरू नये.' आणि मग काय होते? आपण नारळपाणी पीत असतो आणि मुले पाण्यात असतात. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींवर बंधने आली, परिपत्रके आली, आणि पुष्कळ शाळांनी समुद्राचे नावच सोडले. बुडण्याचा धोका पाकटाच्या काट्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, यात शंका नाही. घोट्यापलीकडे पाण्यात शिक्षकाशिवाय आणि स्थानिक माणसाला भरती-ओहोटी विचारल्याशिवाय कोणी जाऊ नये, याबद्दल माझेही मत कडक आहे. पण बंदी हे शिक्षण नव्हे. ज्या मुलाला नववीत समुद्राची ओळख करून दिली नाही, ते मूल विसाव्या वर्षी मित्रांबरोबर मोटारसायकलवर जाऊन स्वतःच ओळख करून घेते. तेव्हा सांगायला कोणी नसते.

काही सहकारी म्हणतात, मुलांना आधीच हे सांगितले तर ती घाबरतील, सहलीची मजा जाईल. माझा अनुभव उलटा आहे. गेल्या वर्षी निघण्यापूर्वी मी एक तास घेतला. परातीत वाळू पसरली, खाली पुठ्ठ्याचा पाकट ठेवला, शेपटीला रबर लावून काडी बसवली आणि मुलांना पाऊल टाकून आणि पाऊल घासून असे दोन्ही करायला लावले. किनाऱ्यावर पोचल्यावर सगळा वर्ग रांगेने, पाय घासत, आगगाडीसारखा पाण्यात शिरला. कोळ्यांची पोरे बघून हसली. एका विद्यार्थिनीच्या पायापुढून ताटलीएवढा पाकट वाळूचा ढग उडवीत निघून गेला, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो भीतीचा नव्हता.

यंदाची सहल डिसेंबरात आहे. सूचनापत्रक टाइप करायला दिले आहे. त्यात प्रथमोपचार पेटीखाली मी प्लॅस्टिकची एक बादली आणि एक तांब्या लिहिला, तेव्हा कार्यालयातून विचारणा झाली की आंघोळीची सोय नाही का. प्रयोगशाळेच्या वहीतही एक नोंद केली आहे: थर्मामीटर, पाऱ्याचा नव्हे, अल्कोहोलचा, शून्य ते शंभर अंश, नग एक, सहलीसाठी. परत आणल्यावर सही करायची आहे.